वजन अजिबात नाही

मी रॉड बोलतोय. पडद्याचा नव्हे, गैरसमज नको. मी माणसाच्या मांडीच्या हाडात राहून आलोय. डॉक्टर मला 'नेल' म्हणत, पेशंटची बायको 'खिळा' म्हणे, आणि शेजारीपाजारी 'पायात रॉड टाकलाय' असं एकमेकांना सांगत. आता माझे दोन तुकडे झालेत, त्यामुळे कुठल्याही नावानं हाक मारा, फरक पडत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. मांडीच्या हाडाला असतो तसा हलका बाक मला दिला, आतून पोकळ ठेवलं, दोन्ही टोकांना स्क्रूसाठी भोकं पाडली आणि पाकिटात बंद केलं. मग दवाखान्याच्या कपाटात पडून राहिलो. कुणाचं तरी हाड मोडल्याशिवाय आपलं नशीब उघडणार नाही, हे मला तिथंच कळलं. लाज वाटायची, पण दुसरं काम मला येत नव्हतं.

मग पैलवान आला. धान्याच्या गोदामातला हमाल; अंगापिंडामुळे सगळे त्याला पैलवानच म्हणत. पोत्यांची थप्पी त्याच्या अंगावर कोसळली होती आणि मांडीच्या हाडाचे मधोमध तुकडे झाले होते. डॉक्टरांनी खुब्यापाशी लहानशी चीर दिली, हाडाच्या पोकळीत वाट केली आणि मला ठोकून आत उतरवलं. हो, हातोडीनं ठोकून. वरून-खालून स्क्रू आवळले. माणसाच्या अंगात असं सुतारकाम चालतं, हे बाहेर कुणी मोठ्यानं बोलत नाही.

माझं काम टेकूचं. भिंत उभी राहीपर्यंत टेकूनं धरायचं, पण भिंत उभी राहिलीच नाही तर टेकू किती दिवस पुरणार? पोलाद थकतं हो. तार सारखी इकडून तिकडे वाकवलीत तर तुटते ना, तसंच माझंही.

घरी जायच्या दिवशी डॉक्टर घाईत होते. बाहेर बाकावर रांग लागली होती. दारातूनच त्यांनी बजावलं, "मी सांगेपर्यंत वजन नाही हं. अजिबात नाही."

"नाही डॉक्टर," पैलवान म्हणाला. "वजनाला हात लावणार नाही."

डॉक्टर हसले आणि पुढच्या खाटेकडे वळले. हाडाच्या आतून मी ओरडत होतो, पण माझं कोण ऐकतंय! डॉक्टरांना म्हणायचं होतं की पायावर शरीराचा भार टाकू नका, पाय टेकवूच नका. पण ज्याचा जन्म पाठीवर पोती वाहण्यात गेला, त्याच्यासाठी वजन म्हणजे पोतं. दोघंही मराठीच बोलत होते. दोघांनाही वाटलं, समजलं.

पैलवान शब्दाचा पक्का. पाण्याची कळशी उचलली नाही, की पिठाचा डबा सरकवला नाही. बायको तर डोळ्यांत तेल घालून राखण करायची. "अहो, ठेवा ती पिशवी! डॉक्टरांनी काय सांगितलंय?" असं म्हणून हातातली भाजीसुद्धा काढून घ्यायची. आणि हा भला माणूस रिकाम्या हातांनी घरभर, गल्लीभर, थेट गोदामाच्या दारापर्यंत फिरून यायचा. प्रत्येक पावलाला त्याचा सगळा भार माझ्यावर. दुखायचं, पण हमालाला दुखण्याचं काय कौतुक! कुबड्या दवाखान्याच्या, म्हणून दवाखान्यात जातानाच घ्यायच्या, असा त्याचा हिशेब होता.

सगळ्यात वाईट झालं ते भिंगरीचं. भिंगरी म्हणजे त्याची मुलगी, एका जागी न ठरणारी. बाप घरी आला की धावत येऊन हात वर करायची.

"बाबा, कडेवर घे ना."

"नको गं राणी. वजन उचलायचं नाहीये मला."

ती थबकली. "मी वजन आहे?"

"मग काय! चांगलं पोतं झालीयेस," आई हसत म्हणाली. थट्टाच होती ती. पण त्या रात्रीपासून पोरीनं ताटात अर्धं अन्न ठेवायला सुरुवात केली. आईनं रागावून विचारलं तेव्हा म्हणाली, "हलकी झाले की बाबा घेईल." पैलवानानं आपल्या ताटातला घास तिच्या तोंडाशी धरला, तिनं मान फिरवली.

तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडात धरला. "हाड अजून धरत नाहीये. वजन नाही ना देत?"

"छे! पोरीलासुद्धा कडेवर घेतलं नाही, डॉक्टर."

"शाब्बास. असंच चालू ठेवा," डॉक्टर म्हणाले. पोरीचा उल्लेख का आला, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. तिथं एक प्रश्न आणखी विचारला असता तर पैलवान, भिंगरी आणि मी, तिघंही वाचलो असतो.

मी तुटलो ते साध्या उंबऱ्यावर. हात रिकामे होते त्याचे. दोन्ही हातांत काही म्हणजे काही नव्हतं. मोडलेल्या हाडाच्या जागीच मी कट्‌कन तुटलो, आणि तो किंचाळत खाली बसला.

माझा वरचा तुकडा सहज निघाला, खालचा आकड्यानं ओढून काढावा लागला. दुसरा रॉड घातला, पण हाडात पू झाला. पाय वाचला, आखूड राहिला, गुडघा वाकेना. गोदामाचं दार कायमचं बंद झालं. बऱ्याच काळानंतर डॉक्टरांनी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसत विचारलं, "खरं सांगा, कसं चालत होता?" त्यानं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढला. "अहो," ते हळूच म्हणाले, "बसून पोरीला जवळ घ्यायला माझी कधीच ना नव्हती."

आता मी पैलवानाच्या घरी खिडकीत असतो, फडक्यात बांधलेला. मरणाचं दुःख मला नाही; तुटणं आमच्या वाट्याला असतंच. पण शहाण्या माणसांनो, तुम्ही घाईत एक शब्द उच्चारता, तेव्हा समोरच्याच्या पाठीवर काय आहे ते एकदा बघा. 'पाय टेकवू नका' म्हणायला कितीसा वेळ लागला असता?

डॉक्टरांशी ते बोलणं झालं, त्या दिवशी घरी आल्यावर पैलवान खाटेवर बसला. त्यानं दोन्ही हात पसरले.

"भिंगरे, ये. आता चालतं. डॉक्टरांनी सांगितलंय."

पोर दाराशी उभी होती. वाळून काटकी झाली होती. तिनं बापाच्या पायाकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे घेतलं.

"नको बाबा," ती म्हणाली. "परत मोडेल."