उजवीकडचा रकाना

बस आगारात त्याला सगळे भोंगा म्हणायचे. आवाजच तसा होता. तो फाटकाशी बोलला की कँटीनमधल्यांना कळायचं. बडबडीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता आणि हट्टातही नव्हता. अंगात ताप असला तरी स्वारी गाडीवर हजर. "बायकोला एक वेळ माहेरी पाठवीन, पण माझी गाडी दुसऱ्याच्या हातात देणार नाही," असं तो बायकोसमोरसुद्धा म्हणायचा. "कधी पाठवताय तेवढं सांगा," ती म्हणायची.

गाडी काढण्यापूर्वी रोज तपासणीचा कागद भरावा लागे. ब्रेक, दिवे, टायर, वायपर आणि प्रत्येकापुढे उजवीकडच्या रकान्यात 'ठीक'. भोंगा गाडी मन लावून तपासायचा, पण कागदाशी त्याचं वैर. एका हातात चहा, तोंडाने कंडक्टरची टिंगल आणि दुसऱ्या हाताने वरपासून खालपर्यंत बरोबरच्या खुणा. त्यामुळे आगाराने चालकांना मनाच्या तब्येतीची प्रश्नावली वाटली, तेव्हा गड्याने तीही तशीच उडवली. इथे उजवीकडच्या रकान्यावर 'जवळजवळ रोज' असं छापलं होतं. वाचतो कोण!

दुसऱ्या दिवशी फेरीच्या आधीच समुपदेशक बाईंचं बोलावणं आलं.

"काय लिहून बसलास रे?" कंडक्टरने दारापर्यंत सोबत करत विचारलं. "तुझ्या गाडीत मीपण असतो, विसरू नकोस."

बाई भोंग्याच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, ते पिऊन झाल्यावर आणखी पाणी दिलं. टेबलावरची कात्री हळूच ड्रॉवरमध्ये सरकवली आणि आपण काही विशेष केलंच नाही असा चेहरा केला. मग दबक्या आवाजात म्हणाल्या, "काका, झोप लागत नाही, रोज. जेवण जात नाही, रोज. जगून काय करायचं असं वाटतं, तेही रोज. एवढं सगळं एकटेच सोसताय?"

भोंगा आधी बावचळला. मग कागद पाहून असा काही हसला की बाहेर कंडक्टरच्या हातातला चहा सांडला. "अहो मॅडम, ब्रेक ठीक, टायर ठीक, त्या हिशेबाने भरलंय मी ते!"

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्याही हसल्या. पण हसून झाल्यावर त्यांनी कोरी प्रश्नावली पुढे ठेवली. "आता वाचून भरा."

"दोन मिनिटांचं काम," भोंगा म्हणाला.

जगण्याबद्दलचा प्रश्न त्याने आधी शोधला आणि 'कधीच नाही'खाली ठसठशीत खूण केली. ते अगदी खरं होतं. मग तो वरच्या पहिल्या प्रश्नाकडे आला. 'पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत आता मन लागत नाही.' असले प्रश्न कोणाला सुचतात, असं तो म्हणणार होता, पण त्याला रविवार आठवला. नात गोष्टीचं पुस्तक घेऊन मांडीवर चढली होती. "आजोबा, वाघाचा आवाज काढा ना." त्याने तिला टीव्ही लावून दिला होता. पोरीने हट्टही केला नाही, याचंच त्याला फार वाईट वाटलं होतं.

पुढचा प्रश्न झोपेचा. हल्ली पहाटेच डोळा उघडायचा, तो काही केल्या मिटायचा नाही. मग गॅस बंद आहे का बघायच्या निमित्ताने तो उठायचा. "एवढा गॅस बघता, त्यापेक्षा चहा तरी टाका," बायको पांघरुणातून म्हणायची.

दोन मिनिटांचं काम बरंच लांबलं. शेवटी त्याने कागद परत केला.

"पहिलाच बरा होता, मॅडम. हसण्यावारी तरी नेता आला."

बाईंनी खुणांच्या गुणांची बेरीज केली. "हा आकडा आला म्हणजे आजार ठरला असं नाही, काका. याच्यापुढे आपण बोलायला हवं, एवढंच तो सांगतो."

"आणि गाडी? गाडी काढून घेणार माझी?"

"हा कागद साहेबांकडे जात नाही. पण झोप झाली नसेल त्या दिवशी गाडी नेऊ नका, हे मी सांगणारच. आज झालीय?"

भोंगा खिडकीबाहेर बघत राहिला. त्याची बस धुऊनपुसून उभी होती.

"पण कारण काहीच नाही हो," तो म्हणाला. "बायको चांगली, मुलगी सुखात, हातपाय धडधाकट. रडायचं कोणत्या तोंडाने?"

"कारण मी विचारलंच नाही. कधीपासून होतंय, ते सांगा."

भोंग्याने सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात दार वाजलं. "अरे भोंग्या, चल लवकर! लोक चढून बसलेत!"

तो उठला. त्याने दार किलकिलं केलं.

"आज दुसऱ्या कोणाला तरी गाडीवर बसव."

इतकं हळू बोलला की कंडक्टरला ऐकूच गेलं नाही. भोंग्याने पुन्हा सांगितलं. कंडक्टरने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, टिंगल ओठांवर आली होती ती गिळली, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेला.

भोंगा येऊन खुर्चीत बसला. बाहेर त्याची बस सुरू झाल्याचा आवाज आला आणि फाटकाकडे दूर गेला.

"गेल्या वर्षापासून," तो म्हणाला. "बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही."