पुलाजवळ थांबणारी जीप

मी एक जुनी जीप आहे, आणि माझ्या अंगात एकूण किती वायरी आहेत हे मला अजूनही नीट सांगता येणार नाही. हसू नका, मित्रांनो. तुम्हाला तरी तुमच्या अंगातल्या शिरा कुठे मोजता येतात? पण त्यातल्या एका वायरीची मला आता चांगलीच ओळख झाली आहे. ती करंगळीएवढीही जाड नाही, आणि तिच्यापायी मी भंगारात जाता जाता राहिले.

माझा जन्म सोळा वर्षांपूर्वी दूरच्या एका कारखान्यात झाला. माझ्या आधीच्या जीपा साध्या होत्या. डिझेल, हवा आणि चालवणाऱ्याच्या शिव्या, एवढ्यावर त्या धावत. माझ्या इंजिनाला मात्र एक छोटा संगणक दिला होता. तो डब्यात बसून हुकूम सोडतो आणि इंजिनाला जागोजागी लावलेले सेन्सर त्याला खबर देतात. इंजिन किती तापलं हे एक सांगतो, हवा किती आली हे दुसरा. सगळ्यात महत्त्वाचा सेन्सर इंजिनाच्या खालच्या अंगाला बसतो आणि इंजिन फिरतंय की नाही, किती वेगानं फिरतंय, हे क्षणाक्षणाला कळवतो. त्याची खबर थांबली की डब्यातले साहेब सरळ डिझेल तोडतात. विचारपूस नाही, काही नाही. हे सगळं मला तरुणपणी ठाऊक नव्हतं. अंग दुखल्याशिवाय अंगाची चौकशी कोण करतो?

मी आठ वर्षांची असताना नवेगाव बांधच्या देवचंदने मला घेतलं. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तलावात जाळी टाकायची रीत. त्याला मात्र पाण्यापेक्षा रस्त्याची ओढ. सकाळी कुंदाबाई आणि तिच्या बरोबरच्या सात बाया मासोळ्यांच्या टोपल्या घेऊन माझ्यात बसायच्या आणि मी त्यांना सौंदडच्या बाजारात पोचवायची. परतीला त्याच बाया, मधल्या वेळात मिळतील ते प्रवासी. लग्नाच्या दिवसांत माझ्या नाकावर फुलांची माळ आणि आत अत्तराचा वास असायचा, तरी मासोळीचा वास काही हटायचा नाही. नवरदेव नाक मुरडायचा, पण बसायचा. देवचंद मला रोज धुवायचा, दसऱ्याला माझ्या चाकांखाली लिंबू ठेवायचा. "माही जीप कधी धोका देत नाही," असं तो सगळ्यांना सांगत फिरायचा. ऐकून मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आणि मग यंदाच्या उन्हाळ्यात मी धोका द्यायला लागले.

घडायचं ते असं. सकाळी मी एका झटक्यात सुरू व्हायची. वीस मिनिटं झकास पळायची. रस्त्यात एक पूल लागतो, त्याच्या अलीकडे रस्ता पार उखडलेला आहे. तिथे दोन-चार गचके बसले की माझ्या डोळ्यांसमोर पिवळा दिवा लागायचा आणि मी गप्प. किल्ली फिरवली तरी गप्प. देवचंद खाली उतरून बॉनेट उघडायचा, डोकं खाजवायचा. पंधरा मिनिटांनी मी आपोआप सुरू व्हायची. माझं मलाच नवल वाटायचं. मी काय करते आहे? का करते आहे?

लोकांना मात्र सगळं ठाऊक होतं. डिझेलमध्ये भेसळ असल्याचं एकाने सांगितलं. दुसऱ्याने पुलाकडेच बोट दाखवलं, त्या जागेत काहीतरी आहे म्हणाला. मग देवचंदने पुलाजवळ नारळ फोडला, उदबत्ती लावली, आणि उदबत्ती जळून संपते न संपते तोच मी सुरू झाले. झालं! पूल बदनाम झाला. उदबत्ती जळेपर्यंत माझं इंजिन थंड होत होतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

देवचंदने मला सौंदडच्या फाट्यावर हेमेंद्रच्या गॅरेजात नेलं. हेमेंद्र मूळचा कुडव्याचा, आयटीआय शिकलेला, हाताने हुशार. पण आजारी माणूस दवाखान्याच्या पायरीवर पोचला की ताप उतरतो ना, तसं माझं व्हायचं. गॅरेजात मी गुणी पोरीसारखी सुरू. हेमेंद्रने आपलं यंत्र माझ्या डॅशबोर्डखाली जोडलं. खालच्या सेन्सरची खबर येत नाही, असं पडद्यावर उमटलं. त्याने सेन्सर बदलला. तीन दिवस मी नीट चालले, चौथ्या दिवशी पुलाजवळ पुन्हा गप्प. त्याने आणखी एक नवा सेन्सर बसवला. पुन्हा तेच. आता संगणकाचा डबाच बदलावा लागेल, आणि या वयाच्या जीपेत तो घालण्यापेक्षा जीप भंगारात घातलेली बरी, असं त्याने देवचंदला सांगून टाकलं.

त्या आठवड्यात मी दोनदा थांबले. टोपल्यांतला बर्फ वितळला, मासोळ्या नरम पडल्या, बाजार उठायच्या वेळेला बाया पोचल्या. दुसऱ्यांदा थांबले त्या दिवशी परतताना कुंदाबाईने उरलेली टोपली माझ्यात ठेवली. ती देवचंदला लहानपणापासून ओळखते, त्यामुळे आडपडदा न ठेवता बोलली.

"देवचंद, तुयी या जीपेवर माया हाये, मले समजते. पन मासोळीले माया समजत नाही. उद्या थांबली त परवापासून आमी टिकारामच्या टेम्पोत."

टिकारामचा टेम्पो नवा कोरा होता. देवचंदने मान हलवली. बाया गावात उतरून गेल्यावर त्याने माझ्या चाकाला लाथ मारली आणि मला कुलक्षणी म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मित्रांनो, लाथ लागली नाही, पण तो शब्द लागला. रोजच्या त्या आठ बाया गेल्या तर देवचंदजवळ चालवायला मी असून नसून सारखीच. त्याने भंगारवाल्याला फोन लावला आणि परवा सकाळी ये म्हणून सांगितलं. तरी सौंदडला परत जाताना एकदा शेवटचं म्हणून त्याने मला हेमेंद्रकडे वळवलं.

त्या दुपारी माझ्यात एकच प्रवासी होता, बकारामजी. वय सत्तरीच्या पुढे, तलाव बांधणाऱ्या कोहळी घराण्यातले, आणि आपल्या गावच्या तलावाचे पाणकर. म्हणजे तलावाचं पाणी पाटाने कुणाच्या बांधीत, धानाच्या शेतात, कधी पोचवायचं हे बघणारा माणूस. गाडी गॅरेजात शिरली तशी दुसऱ्या गाडीने जायचं सोडून ते बाकावर ऐसपैस बसले. त्यांना सगळ्याचं कुतूहल. हे यंत्र काय सांगते, सेन्सर म्हणजे काय, खबर कशातून जाते? हेमेंद्र कंटाळला, पण म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार? त्याने सांगितलं, खबर या वायरीतून जाते, सेन्सरपासून डब्यापर्यंत.

बकारामजींनी पान तोंडात फिरवलं.

"बाबू, सेन्सर दोनदा बदलवला म्हनतोस. बांधीत पानी नाही पोचला त आमी बांधी नाही बदलवत. पाट पायतो."

"वायर पाहिली मी बाबाजी. दोन्ही टोकांना मीटर लावला. बराबर वाजते."

"तवा इंजन चालू होता का बंद?"

"बंद होता. थंडा."

"मंग कसा दिसन गा? कोरड्या पाटात खेकड्याचा भोक दिसत नाही. पानी सोडून पाटासंगं चालत जा लागते."

हेमेंद्र आधी हसला. मग त्याचं हसणं थांबलं. हातातला पाना त्याने खाली ठेवला, आणि देवचंदला मला सुरू करायला सांगितलं.

मी उन्हात अर्धा तास जागेवर धडधडत उभी होते. इंजिन चांगलं तापलं. मग हेमेंद्रने डब्यापासून सुरुवात केली. वायरींचा जुडगा वीतभर धरायचा, दाबायचा, हलवायचा, मग पुढची वीत. पंख्यापासून हात सांभाळत तो हळूहळू खाली उतरत गेला. बकारामजी बाकावरून उठून माझ्या नाकाशी येऊन उभे राहिले. खरं सांगू? मीही श्वास रोखून होते. आपल्या आत कुणी इतक्या शांतपणे हात फिरवत, बोट दाबून विचारत जातंय, इथे दुखतं का, इथे दुखतं का, हे मी पहिल्यांदाच अनुभवत होते.

जुडगा जिथे इंजिनामागे वळून खाली जातो तिथे हेमेंद्रने हलवलं, आणि मी बंद पडले.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथेच हलवलं. पुन्हा बंद. तिसऱ्यांदा तर नुसतं बोट लावलं तरी बंद.

हेमेंद्रने टॉर्च मारला. तिथे वायरींचा जुडगा एका लोखंडी पट्टीला निळ्या नायलॉनच्या दोऱ्याने करकचून बांधलेला होता. गाठ इतकी पक्की की नख शिरेना. दोरा कापून त्याने वायर सोलली. वरचं आवरण धड होतं, पण आतली तांब्याची तार तुटलेली. टोकं नुसती एकमेकांना टेकून होती. थंड असताना टेकायची, तापून गचका बसला की सुटायची. पुलाचा काही दोष नव्हता.

"हे कोणी बांधलं?" हेमेंद्रने विचारलं. "गॅरेजवाला असा नाही बांधत."

बकारामजींनी गाठ बघितली होती. अशी गाठ कोण मारतं हे तलावाकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही. पण ते रस्त्याकडे बघत राहिले. देवचंदने कापलेला दोरा हातात घेतला. त्याचा चेहरा उतरला होता.

"माही हाये," तो म्हणाला. "दोन वर्साआधी क्लिप तुटला होता. वायर लोंबून राहिली होती. म्हटलं, चाकात जाईन, तुटन. म्हून जाळ्याची गाठ मारली. घट्ट."

मला तो दिवस आठवला. माझ्याखाली झोपून, घामाघूम होऊन, त्याने ती गाठ मारली होती. माझ्या काळजीपोटी. ती गाठ दर खड्ड्याला वायरीच्या आतली तार थोडी थोडी तोडत होती, आणि ना त्याला कळलं, ना मला.

हेमेंद्रने तुटका भाग काढून नवा तुकडा जोडला, झाळ लावली, वरून गरम केल्यावर आवळणारी नळी चढवली. रबर लावलेला नवा क्लिप बसवला आणि वायर थोडी सैल सोडली. बकारामजी म्हणाले की आता त्यांना गाडीभाडं द्यायला हरकत नाही. देवचंदने ते घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी पूल आला तेव्हा आठही बायांचे हात टोपल्यांवर गेले. गचके बसले. मी धडधडत पुढे निघून गेले. बायांनी हात मात्र टोपल्यांवरून काढले नाहीत, कारण आनंद लवकर दाखवला तर तो बिघडतो असं त्यांना वाटतं. सौंदडला टोपल्या उतरल्या. मासोळ्या ताज्या होत्या. भंगारवाल्याला देवचंदने आधीच नको म्हणून कळवलं होतं. मग देवचंदने हात जोडून बायांना खरं ते सांगून टाकलं. जीपेचा दोष नव्हता, पुलाचाही नव्हता. गाठ त्याची होती.

कुंदाबाई टोपली डोक्यावर घेता घेता थांबली.

"चांगल्यासाठीच मारली होतीस ना? मंग लाज कायची? सोडून पायली, झाला."

आणि ती बाजारात शिरली. संध्याकाळी परतताना सगळ्या बाया माझ्यातच बसल्या. टेम्पोचं नाव कुणी काढलं नाही.

मित्रांनो, मी अजून चालते आहे. किती दिवस, ते माहीत नाही. माझा पिवळा दिवा लागला म्हणजे मी रुसले असं समजू नका. दुखतंय एवढंच तो सांगतो, का दुखतंय ते त्याला सांगता येत नाही. ते शोधायला कुणीतरी इंजिन चालू ठेवून, वीत वीत हात फिरवत यावं लागतं. तुमच्या घरी जुनी सायकल असेल, पंखा असेल, एखादं जुनं माणूसही असेल. ते मधेच थांबायला लागलं तर लगेच लाथ मारू नका, कुलक्षणी म्हणू नका. जवळ बसा, विचारा. आणि शोधताना तुमच्याच हाताने, मायेने मारलेली एखादी घट्ट गाठ सापडली, तर देवचंदसारखं म्हणा, माझी आहे. मग ती सोडा.