लाल टोकाची चकती

माल आणायचा आणि माल सांभाळायचा, ही दोन्ही कामं माझी. वखार थोरल्या भावाची, करवतीवर आमचे दाजी, आणि लिलावात, रस्त्यात, जिथे मिळेल तिथे ओंडके बघत फिरणारा मी.

त्या वर्षी जंगलातला लिलाव लांबला. थप्प्या रिकाम्या पडल्या. तेव्हा मी रस्ता रुंद करताना पाडलेली झाडं उचलली. स्वस्त होती, कारण सगळ्यांना माहीत असतं त्यांच्या पोटात काय असतं ते. चाळीस वर्षं लोक पाट्या ठोकतात, तारा गुंडाळतात, आणि झाड ते सगळं गिळून वर साल चढवतं. मी प्रत्येक ओंडक्यावर चुंबक फिरवलं. जिथे ओढ लागली, त्या ओंडक्याच्या जाड टोकाला लाल रंग फासला. लाल म्हणजे जळाऊ, करवतीला लावायचा नाही. दोन्ही टोकांना लावायला हवा होता. पण दादा म्हणायचा, रंग काय आभाळातून पडतो?

दाजी हसायचे. म्हणायचे, लाल दिसलं की मी बाजूला सरकतो, तुमच्या बहिणीने डोळे लाल करून करून सवयच लावलीय.

दहा फुटी फळ्यांची मागणी आली आणि दादाच्या अंगात आलं. माझ्यावर खेकसला, तुझ्या लाल रंगाने वखारीची सरपणाची गाडी करून टाकलीस. दहा फुटांहून चार बोटं लांब असे चौदा ओंडके त्याने बारीक टोकाकडूनच बघून निवडले. त्यांची फुटलेली जाड टोकं चार-चार बोटं उतरवायला मला बसवलं. मी मान खाली घालून, टोकाचा रंग न बघता, कापत गेलो. हमालांनी कापलेले ओंडके लोटत थप्पीला लावले. शेवटी भुशातल्या चकत्या गोळा करताना एक उलटी केली, तर लाल.

चौदातला एक. कुठला, ते मला ठाऊक नाही.

मी चकती घेऊन दादाकडे गेलो. म्हटलं, चुंबक पडून फुटलंय, नवं अजून आलं नाही, पण चकतीची वर्तुळं ओंडक्यांच्या टोकांशी जुळवून बघतो, अर्धा तास दे. त्याने घड्याळाकडे बघितलं. ट्रक दुपारी येणार होता.

"अर्धा तास लाकडं जुळवत बसणार? दाजींची नजर आहे की. ते बघतील."

दाजी काय बघणार? बघायची खूण मीच कापून टाकली होती. हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी गप्प बसलो. दादाला शिव्या घालणं सोपं आहे. गप्प मी बसलो. दाजींपर्यंत वीस पावलं होती, तीही चाललो नाही.

पाचव्या ओंडक्याला करवतीची पट्टी तुटली. दाजींच्या मानेवर आली. दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत.

तिसऱ्या दिवशी चौकशीचे साहेब येणार होते. आदल्या संध्याकाळी दादा ताईच्या घरी बसून तिला समजावत होता, की दाजींनी लोखंड तपासलं नाही, करवतीवरच्या माणसाचंच ते काम, असंच सांगायचं, आता वाद नकोत. ताई भिंतीला टेकून ऐकत होती. मेलेल्या माणसावर काहीही लादता येतं, तो उठून खाकरतही नाही.

मी पिशवीतली चकती काढून तिच्यासमोर ठेवली. कोणी कापली, कोणाला दाखवली, किती वेळ मागितला, सगळं सांगितलं. दादा उठला, बसला, पुन्हा उठला.

ताईने चकती उचलली आणि चपला घातल्या. आम्ही दोघं तिच्या मागे. करवतीवर तो ओंडका अर्धा चिरलेला तसाच पडला होता. तिने लाल बाजू बाहेर ठेवून चकती टोकाला लावली, जरा फिरवली. वर्तुळाला वर्तुळ मिळालं, भेगेला भेग. लाकूड पुन्हा पहिल्याएवढं लांब झालं.

हात न काढता तिने दादाकडे बघितलं.

"किती वेळ लागला रे?"