दोन खुर्च्या

लीलावतीबाई गुडघा चोळत खुर्चीकडे वळल्या, तेवढ्यात अनुराधाने दोन्ही खुर्च्यांवर शेला पसरला.

“आई, या इशिदा-सानसाठी. गुणवंतचे डायरेक्टर. बायकोला घेऊन यायचेत.”

“असं होय,” सासूबाई म्हणाल्या. “मी बसते कुठंही.”

कुठंही म्हणजे कुठं, हे दोघींनाही ठाऊक होतं. ऑपरेशननंतर त्यांना खाली बसता येत नव्हतं, आणि ओजिमाच्या त्या जपानी चटयांच्या सभागृहात खुर्च्या दोनच होत्या. अनुराधाच्या नवऱ्याचं, गुणवंतचं, काँट्रॅक्ट पुढच्या आठवड्यात वाढणार किंवा संपणार होतं. सही इशिदा-सानची.

अनुराधाच्या कीर्तनाच्या पूर्वरंगभर सासूबाई मागच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, टाळ वाजवत. मध्यंतरात गुणवंतने अनुराधाला बुक्का लावला, हार घातला.

“खुर्च्या रिकाम्याच आहेत रे. आईंना…”

“स्टेशनवर उतरलेत ते. पाचच मिनिटं.”

अनुराधाने एकदा मागे पाहिलं. मग झांजा उचलल्या.

उत्तररंगात बादशहाचा दरबार होता. तो रंगवावा तर अनुराधानेच. डोंगरातून आणलेला बर्फ, गुलाबाचं अत्तर, वाढदिवसाला सोन्याने होणारी तुला.

“आणि मंडळी, एवढ्या थोरल्या दरबारात बसायला जागा किती? एक. बाकी शहजादेसुद्धा उभे. त्यात एक म्हातारा सरदार. काठी टेकतोय, या पायावरून त्या पायावर…”

तिने तसं करून दाखवलं. लोक हसले.

“बादशहाला दिसत नव्हतं का हो? दिसत होतं.”

पुढचं वाक्य आलं नाही. सगळ्या डोक्यांपलीकडे सासूबाई या पायावरून त्या पायावर भार टाकत होत्या, आणि सगळ्यांत मनापासून त्याच हसत होत्या. तबल्यावरच्या जयेशने ठेका धरून ठेवला. त्यांना आता बसा म्हणावं, तर आधी का नाही, हे सगळ्यांना कळलं असतं. अनुराधाने अभंग उचलला.

तेव्हाच दार सरकलं. इशिदा-सान आणि त्यांची पत्नी वाकून आत आले. गुणवंत लगबगीने खुर्च्या दाखवू लागला. इशिदा-साननी खाली बसलेल्या सगळ्यांकडे पाहिलं, हळूच हात हलवून नको म्हटलं आणि दाराशीच दोघंही गुडघे दुमडून बसले.

शेला शेवटपर्यंत कुणी काढला नाही.

आरती झाली. रीतीप्रमाणे लहानथोर सगळे कीर्तनकाराच्या पाया पडायला आले. शेवटी भिंत धरत सासूबाई. अनुराधा मागे सरली.

“अहो आई, नका. तुम्ही नका.”

“तुझ्या कुठं पडतेय? नारदाच्या गादीच्या पडतेय. हलू नकोस, तोल जाईल माझा.”

अनुराधा हलली नाही. त्यांना वाकायला बराच वेळ लागला. तिच्या दंडाला धरून त्या उठल्या.

“सरदार अगदी हुबेहूब केलास हो. कुठं पाहिलास?”

“दमलीस ना, बस,” म्हणत गुणवंतने अनुराधासाठी शेल्यासकट एक खुर्ची आणली. तिने ती सासूबाईंच्या मागे लावली.

“आता कशाला गं,” त्या म्हणाल्या, आणि खुर्चीवरचा शेला काढून त्याची घडी घालू लागल्या.