उलटा हात

"तोंड मीट," नाना म्हणाले आणि त्यांनी उलटा हात माझ्या नाकाखाली धरला. बेल्ह्याच्या बाजारात बैलाला वेसण घालण्याआधी धरतात, अगदी तसाच.

"डावीतनं वाराच न्हाई. किती दिस झालं?"

"दीड वर्ष."

नाना म्हणजे माझे वडील, भगवंत. चाळीस वर्षं बैलांची नाकं टोचतायत. आणि त्यांची ही लेक, आळेफाट्याला बियाण्यांच्या दुकानात काउंटरवर बसणारी, पुण्याला जाऊन त्यांच्यासारखं पसरट नाक बारीक करून आली. हौसेला मोल नसतं म्हणतात, माझ्या हौसेला अक्कलही नव्हती. नाकाच्या ऑपरेशनला महिना झाला नव्हता, तोवर मामेबहिणीच्या लग्नात दिवसभर चापाची नथ मिरवली. डॉक्टरांनी गॉगलसुद्धा लावू नको म्हणून बजावलं होतं. नथीचं मी विचारलंच नाही. पुढे नाक एका अंगाला बसलं आणि श्वास कोंडायला लागला.

ऑपरेशन करून आले तेव्हा नाना एवढंच म्हणाले होते, "माझं नाक एवढं वंगाळ व्हतं व्हय?" त्यानंतर त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. मग श्वासाचं त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार? पण आज जेवताना मी घासाघासाला थांबून तोंडाने श्वास घेत होते, ते त्यांनी बरोबर हेरलं.

त्यांनी अंगठ्याने माझा गाल हळूच बाहेर ओढला. "आता?"

हवा भसकन आत आली. मला रडूच फुटलं.

"रडती कशाला? आतनं खचलंय. टेकू पायजे. उद्या पुण्याला जाऊ."

यावेळी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनीही माझा गाल ओढून विचारलं, "आता?" मी नानांकडे पाहिलं. नाना छताकडे पाहत होते.

"पहिल्या वेळी जरा जास्तच कोरलंय," बाई म्हणाल्या. "नथीनं थोडी भर घातली असेल. कानातली कूर्चा, म्हणजे मऊ हाड काढून आतून आधार देऊ. श्वास बराच मोकळा व्हावा. नाक अगदी सरळ होईल, असा शब्द मात्र देत नाही."

"माझ्या कानाचं घ्या की," नाना मध्येच बोलले. "जून हाय, टिकंल."

बाई हसल्या. "काका, तिचंच घेतलेलं बरं."

"घ्या मग. ते बी माझंच हाय."

दीड वर्ष मी ज्या वाक्याची वाट पाहत होते, ते हेच असावं. देवाने बाप दिला तो असा, आणि मी त्याचंच नाक पुसून टाकायला निघाले होते.

ऑपरेशन होऊन आता तीन महिने झाले. नाक अजून किंचित वाकडं आहे, असेना. काल बाजारातून नाना घरी आले, पिशवी खाली ठेवली आणि हात न धुताच माझ्यासमोर बसले.

"तोंड मीट."

उलटा हात नाकाखाली आला. आधी उजवीकडे, मग डावीकडे. तिथे तो बराच वेळ थांबला.

"हाय," ते म्हणाले.

टोचलेल्या नाकांना लावतात त्या हळदीचा आणि तेलाचा वास त्यांच्या हाताला येत होता. दोन वर्षांत मला तो पहिल्यांदाच आला. नानांनी हात काढून घेतला नाही, आणि मी तोंड मिटून श्वास घेत राहिले.