माझी बिनचाकाची सवत

मी बोलतेय ती एक जुनी घरगाडी. हो, तीच, जिच्या पोटात ओटा, न्हाणी आणि सगळ्या घराची निजायची सोय असते. अंगाने भारी आहे मी, चांगली साडेचार टनांची. हे वजन लक्षात ठेवा, पुढे त्यावरूनच सगळं रामायण झालं. आणि स्वभाव माझा जळका. ते मी आधीच सांगून टाकते, नाहीतर नंतर तुम्हीच नावं ठेवाल.

माझा पहिला मालक एगॉन. तो आणि त्याची बायको दर उन्हाळ्यात मला घेऊन नॉर्वेला जायचे. माझ्या खिडक्यांचे निळे पडदे तिच्याच हातचे. ती गेली आणि एगॉनने माझं स्टिअरिंग सोडलं. मी लिंडनच्या झाडाखाली उभी राहिले, छपरावर शेवाळ धरलं. तेही मी सोसलं असतं हो! पण म्हाताऱ्याने विजेवर चालणारी सायकल आणली. तिला रोज संध्याकाळी उचलून थेट दिवाणखान्यात न्यायचा, मऊ फडक्याने पुसायचा. जिने त्याला अर्धा युरोप दाखवला ती मी पावसात, आणि त्या दोन काड्यांच्या बयेला गालिचा! माझा नुसता तिळपापड व्हायचा.

शेवटी एकदा मला बघायला माणसं आली. स्वांत्ये आणि तिचा नवरा हिन्नर्क. तिच्या कडेवर बाळ, आणि पुढे उड्या मारत पाच वर्षांची येटे. बाळासाठी दोघांनीही नोकरीतून मोठी रजा घेतली होती, आमच्याकडे नवे आईबाप घेतात तशी. पुढच्या वर्षी येटेची शाळा सुरू होणार होती. एकदा शाळा लागली की सुट्टीबाहेर पोर चार दिवस जरी फिरायला नेलं, तरी सरकार आईबापांच्या मानगुटीवर बसतं. म्हणजे लांबचा प्रवास करायचा तर याच उन्हाळ्यात, नाहीतर कायमचं विसरा.

हिन्नर्क माझ्यात काय काय शोधत होता! भिंती ठोकून पाहिल्या, कपाटांत नाक खुपसून ओल हुंगली, पाठीवर झोपून माझं पोट तपासलं. स्थळ बघायला आलेल्या आत्याबाईसुद्धा इतकं बघत नाहीत. येटेने मात्र ड्रायव्हरच्या डोक्यावरचा पलंग पाहिला, वर चढली आणि ओरडली, "ही माझी खोली! मी नाही उतरणार!" तिथेच सौदा झाला. एगॉन म्हणाला, "शेवटचं एकदा मीच चालवतो," आणि मला ब्रेमेनला त्यांच्या दारात पोचवून आगगाडीने परत गेला. त्यामुळेच घोटाळा कुणाच्या लक्षात आला नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारचे कूलमान कुंपणावर कोपरं टेकून उभे. लोकांच्या अंगणात काय चाललंय हे त्या लोकांच्याही आधी यांना कळतं.

"मॉइन," कूलमानांनी आमच्याकडचा रामराम घातला. "धष्टपुष्ट आहे की. चालवणार कोण?"

"आम्ही दोघं, आलटून पालटून," हिन्नर्क फुशारकीने म्हणाला.

"असं? ही साडेतीन टनांच्या वरची दिसतेय. तुम्हा नव्या पोरांच्या लायसनवर नाही चालत ती. आमच्या वेळचं राखाडी कागदाचं लायसन लागतं त्याला."

हिन्नर्कचा चेहरा पडला. पठ्ठ्याने माझं सगळं तपासलं होतं, फक्त स्वतःचा खिसा सोडून! मोठ्या गाडीचं लायसन काढायचं म्हणजे शिकवणी, डॉक्टर, परीक्षा. त्यात उन्हाळाच संपला असता.

"तुमच्या सासूबाईंकडे असेल की," कूलमान म्हणाले.

होतं. स्वांत्येची आई इर्मेला, पंचाहत्तरीची, काटक बाई. पण तिचा जीव अडकला होता भलतीकडेच. शहराच्या कडेला, रेल्वेच्या रुळांशेजारी, तिचा भाड्याचा बागेचा तुकडा होता. त्यात तिच्या नवऱ्याने, अल्फ्रीडने, हाताने बांधलेली लाकडी खोली. मी ती कधी पाहिली नाही, पण ऐकून ऐकून माझे कान किटले. खोलीला हिरवा रंग, खोलीपुढे टोमॅटो, खोलीमागे प्लमचं झाड. हीच माझी सवत! चाकं नाहीत, इंजिन नाही, पाऊलभर हलता येत नाही, आणि मिजास काय ती!

"नाही बाई," इर्मेला माझ्या दारातच म्हणाली. "इतके महिने? माझ्या टोमॅटोंना पाणी कोण घालेल? झुडपांचं कुंपण वाढून सव्वा मीटरच्या वर गेलं की बागमंडळाची माणसं चिठ्ठी लावून जातात. नाकच कापलं जायचं माझं."

"मग हिला विकावी लागेल," हिन्नर्क माझ्या दारावर हात टेकून म्हणाला. "या वयात अखंड कोण घेणार? मोडून सुटे भाग विकतील."

ऐकलंत? टोमॅटोसाठी माझे तुकडे! माझं रेडिएटर असं तापलं की काय सांगू. एवढ्यात स्वांत्येचा बांध फुटला.

"तुझी ती बाग, आई! माझ्या शाळेच्या नाटकाला तू आली नाहीस, का? तर वाटाणे पेरायचे होते. बाबा गेले तेव्हा मला तुझ्या कुशीत रडायचं होतं, तर तू तिकडे जाऊन मातीत हात घालून बसलीस. मला त्या टोमॅटोंचा हेवा वाटतो, माहितीये तुला? चाळिशीची बाई मी, आणि भाजीपाल्यावर जळते!"

बरोब्बर बोललीस पोरी! मला तिला कवटाळावंसं वाटलं, पण हात नाहीत.

इर्मेला वर चढली आणि सवयीने पुढच्या उजव्या सीटवर, ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. जराशाने तिने डावीकडे स्टिअरिंगकडे पाहिलं. मग उठली, हळूच त्या सीटवर सरकली, आणि दोन्ही हात चाकावर ठेवले.

"स्वांत्ये, हेवा कशाला म्हणतात ते मला नको शिकवू," ती म्हणाली. "लग्नाआधी मी बेकरीचा पावाचा ट्रक चालवायचे. अख्ख्या ब्रेमेनमध्ये पाव पोचवायचे मी. लग्न झालं आणि तुझे बाबा म्हणाले, 'तू नकाशा धर, मी चालवतो.' जन्मभर मी नकाशा धरला. आल्प्स चढताना, समुद्राकडे जाताना, कायम उजवीकडे. तो आनंदाने शीळ घालायचा, आणि मी त्याच्यावर जळायचे गं, इतकी जळायचे! बागेत तेवढं मला कुणी बाजूला सरक म्हणत नव्हतं."

स्वांत्ये आत येऊन आईच्या पायाशी बसली. मग येटे वरच्या पलंगावरून डोकं उलटं लोंबकळत ठेवून म्हणाली, "आजी, आता तू बस चालवणार?"

"बस नाही गं शहाणे, घर!" इर्मेला म्हणाली, आणि तिने किल्ली फिरवली.

बागेची किल्ली कूलमानांकडे गेली. "कुंपण सव्वा मीटर. एक बोटही वर जाऊ देणार नाही," असं त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं. वाटलं, चला, सवत सुटली. कसली सुटते! निघायच्या सकाळी इर्मेला दोन बादल्या घेऊन आली. बादल्यांत टोमॅटोची रोपं, काठ्यांना बांधलेली. ठेवली कुठे? माझ्या न्हाणीत! आंघोळीला माणसं समुद्रावर, आणि सवत माझ्या घरात नांदतेय. शिवाय दर रविवारी कूलमानांना फोन: "प्लम पिकले का हो? खोलीचं छप्पर गळत नाही ना?" मी तेव्हा मुद्दाम खडखडाट करते.

पण बाई चालवते काय सुंदर! समोरून दुसरी घरगाडी आली की आमच्यात हात दाखवायची रीत आहे. लोक बोटं उचलतात, ही अख्खा हात हलवते. परवा चढावर तिने चक्क शीळ घातली.

आता आम्ही दूर पश्चिमेला ब्रिटनीच्या समुद्रकिनाऱ्यावर उभे आहोत. वारा गार झालाय, रजा संपत आलीय. माझा एक पडदा फाटलाय, पायरी कुरकुरते, आणि परत गेल्यावर माझं काय होणार हा घोर मला लागला होता. काल जेवताना टोमॅटो चिरता चिरता स्वांत्येच म्हणाली, "हिन्नर्क, हिला नाही विकायची. मी घरी गेले की मोठ्या गाडीचं लायसन काढते. आई किती दिवस चालवणार? मलाही हिला चालवून बघायचंय. आईकडे बघून नुसती जळत असते मी उजवीकडे."

मी म्हटलं, देव पावला. इर्मेलाने मात्र हातातला घास ताटात परत ठेवला.

"काय झालं, सासूबाई?" हिन्नर्कने विचारलं. "खारट झालं का?"

"लायसन काढ खुशाल," ती स्वांत्येला म्हणाली. "पण मी आहे तोवर तिथे मीच बसणार. तू नकाशा धर. ही माझी आहे."

येटे खुदकन हसली, स्वांत्येही डोळे पुसत हसली. जन्मभर मी दुसऱ्यांवर जळत आले: सायकलीवर, बागेवर, लाकडाच्या खोलीवर. माझ्यावरून कुणाचा जीव असा जळावा, पोटच्या लेकीलाही मला देववू नये, हे सुख माझ्या वाट्याला आलं ते या वयात.

म्हणून एवढीच विनवणी. माझ्यासारखी जुनी गाडी बघायला जाल, तर तिचं वय नंतर विचारा. आधी घरात कोणाचे हात चाकासाठी शिवशिवतायत ते पाहा. आणि इर्मेला, न्हाणीतले तुझे ते टोमॅटो राहू देत. एक बादली फक्त.