ताईचा एकतीस मिनिटांचा सिनेमा

आमच्या कलाकेंद्रात दर शनिवारी दुपारी खुला पडदा असतो. खुला म्हणजे खरंच खुला. ज्याने कुणी सिनेमा केलाय त्याने आणावा, आम्ही दाखवणार. निवड नाही, परीक्षक नाहीत, तिकीट नाही. एका दातांच्या डॉक्टरने आपल्या मांजराचा पाऊण तासाचा सिनेमा आणला होता, तोही आम्ही शेवटपर्यंत दाखवला. मांजर बहुतेक वेळ झोपलेलंच होतं. तिथलं मशीन मी एकोणीस वर्षं चालवतोय. सगळे मला ऑपरेटर म्हणतात. चिडली की बायकोसुद्धा.

मागे एकदा कुणीतरी आमच्या मशीनमधून एका बाईंचा सिनेमा ढापला आणि इंटरनेटवर चढवला. बाईंनी केंद्रात येऊन आमची जी बिनपाण्याने केली, त्यानंतर मी नियम बांधला. पेनड्राइव्हवरचा सिनेमा मशीनमध्ये कॉपी करायचा नाही, हलवायचा. मागे पेनड्राइव्हवरही काही उरता कामा नये. खेळ संपला की तो परत पेनड्राइव्हवर टाकायचा, मालकाने उघडून बघायचा, ‘परत मिळाला’ अशा चिठ्ठीवर सही करायची. आणि मग मशीनवरचा सिनेमा त्याने स्वतःच्या हाताने, सगळ्यांसमोर पुसायचा. लोकांना हे फार आवडलं. बटण दाबलं की टाळ्या पडायच्या. हलवायचा-पुसायचा प्रोग्रॅमही मीच हुडकून बसवलेला. त्यातून गेलेलं देवाच्या बापालाही सापडत नाही, असं मी छाती फुगवून सांगायचो. काय ती अक्कल पाजळली होती मी!

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, शाळेत ग्रंथपाल होती. दाजींना डॉक्टरांनी वर्षाची मुदत दिली, तेव्हा तिने आमच्याच केंद्रातल्या मोफत वर्गात नाव घातलं आणि फोनवर त्यांचं शूटिंग सुरू केलं. दाजी जाऊन पाच महिने झाले. त्यानंतर ती रोज केंद्रात येऊन, वर्गाच्या मशीनवर, डोळे पुसत पुसत, एकतीस मिनिटं जुळवत बसायची. फोन गच्च भरून सारखा अडकत होता. मीच म्हटलं, “आता सिनेमा तयार झालाय ना, मग कर की रिकामा.” तिने केला. माझं ती लहानपणापासून ऐकत नाही, हे एक तेवढं ऐकलं.

शनिवारी ती पेनड्राइव्ह रुमालात गुंडाळून घेऊन आली. हॉल भरला होता. पडद्यावर दाजी ताईला घरातली कामं शिकवत होते. नळाचा वायसर कसा बदलायचा, फ्यूज कुठे असतो, कपाटाचं दार कुरकुरलं तर तेल कुठे सोडायचं. शिकवणं कसलं, खेकसणंच ते. “अगं, मी उद्या नसलो तर काय पाण्यात बसणार आहेस का?” लोक पोट धरून हसले, आणि मग एकदम गप्प झाले.

सिनेमा संपला. पुढचा सिनेमावाला, एक लग्नाचे फोटो काढणारा, माझ्या डोक्यावर येऊन उभाच. “ऑपरेटर, आमचा वेळ चाललाय.” मी डोळे पुसले आणि ताईला हाक मारली, “ये गं, दाब बटण.”

“चिठ्ठी नाही का द्यायची?” ताईने विचारलं.

“घरच्या माणसाला कसली चिठ्ठी?” मी म्हटलं.

ती हसली. तिने बटण दाबलं. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. मी पेनड्राइव्ह काढून तिच्या हातात दिला. त्यावर सिनेमा परत टाकायचा राहिला होता.

रविवारी सकाळी तिचा फोन. “अरे धाकट्या, टीव्हीला लावलं तर काहीच दिसत नाही. वायर सैल असेल का?”

शनिवारचं बटण मला तेव्हा आठवलं. “असेल,” मी म्हटलं. “हात लावू नकोस, मी येतो.” गेलो आणि चहासुद्धा न घेता पेनड्राइव्ह उचलून आणला.

तीन दिवस काय काय केलं, सांगून उपयोग नाही. वर्गाचं मशीन धुंडाळलं. ते नव्या तुकडीसाठी शनिवारीच साफ केलेलं, मीच. तिचा फोन मागून घेतला, तोही कोरा. शेवटी डेटा काढून देणाऱ्याकडे गेलो. त्याने पेनड्राइव्ह बघितला, आमचं मशीन उघडून बघितलं आणि विचारलं, “हा प्रोग्रॅम कुणी बसवला?”

“मी.”

“मग माझ्याकडे कशाला आलात?”

त्याचं काय चुकलं? रागवायला दुसरं कुणी सापडेना, म्हणून मी घरी येऊन बायकोवर ओरडलो. ती म्हणाली, “माझ्यावर ओरडून काय होणार? जाऊन सांगा त्यांना.”

बुधवारी गेलो. ताई स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती. नळ गळत होता, खाली बादली. ओट्यावर पान्हे ओळीने मांडलेले.

“बरं झालं आलास. लाव बघू,” ती म्हणाली. “यातला कुठला घ्यायचा, ते यांनी सिनेमात सांगितलंय, आणि माझ्या नेमकं लक्षात नाही. आणि खरं सांगू? चार दिवस आवाज ऐकला नाही, तर घर खायला उठलंय.”

“ताई, पेनड्राइव्हवर काही नाही.”

“मग मशीनमधून घे परत.”

“मशीनवरचा पुसला. शनिवारी. त्याआधी मी तो परत टाकायला विसरलो. चिठ्ठी केली असती तर कळलं असतं. सगळीकडे शोधलं गं. कुठेच नाही. चूक माझी आहे, सगळी माझी. तू मला काय वाट्टेल ते बोल.”

तिने शिव्या दिल्या असत्या, पान्हा फेकून मारला असता, तर मला जरा श्वास घेता आला असता. नळ टपटपत होता. बराच वेळ ती स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिली.

“बटण तर मी दाबलं,” ती म्हणाली.

“ताई, तसं नाही—”

“हसत हसत दाबलं रे. आणि सगळे टाळ्या वाजवत होते.” मग तिने माझ्याकडे बघितलं. “तूपण वाजवल्यास ना?”

मी हो म्हटलं.